शिष्यवृत्तीचा अर्ज : बाबासाहेबांच्या चरित्रातील एक पान

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही तोंडपाठ आहे. महाडचे चवदार तळे, नाशिकचा काळाराम, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षाभूमी हे टप्पे जयंतीच्या प्रत्येक भाषणात येतात आणि ते यायलाच पाहिजेत. पण विहाराच्या या वर्धापनदिन स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा आम्हाला वाटले, की त्याच चरित्रातले एक पान यंदा सावकाश वाचावे. हे पान आहे शिष्यवृत्तीचे.

कारण साधे आहे. बारावीचा निकाल लागला की आपल्या घरोघर एक धावपळ सुरू होते. जातीचा दाखला शोधा, उत्पन्नाचा दाखला काढा, कॉलेजातून बोनाफाईड आणा, बँकेचे पासबुक काढा. या सगळ्याला आपण नुसते स्कॉलरशिपचा फॉर्म म्हणतो. थोडे जाणते लोक भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणतात. पण ही शिष्यवृत्ती कुठून आली, कोणी आणली, कोणत्या साली आणली, हे विचारले तर पदवीधर मुलेही गप्प बसतात. काहींना तर हा फॉर्म भरताना कमीपणा वाटतो. म्हणून हा लेख.

सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना महिना पन्नास रुपये पेन्शन होते. त्या काळी हा आकडा अगदीच किरकोळ नव्हता, पण कुटुंब मोठे होते. मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत सारा संसार. भीमाला पुस्तकांचे वेड. पुस्तक पाहिजे म्हटले की सुभेदार नाही म्हणत नसत. खिशात पैसे नसले तर लेकीच्या घरी जायचे. लेकीकडे रोख नसली तर तिचा एखादा दागिना मागून घ्यायचे, तो मारवाड्याकडे गहाण टाकायचे, पुस्तक घेऊन यायचे आणि पेन्शन हातात पडले की दागिना सोडवून लेकीला परत द्यायचे. बाबासाहेबांना मिळालेली पहिली शिष्यवृत्ती ती हीच, असे आम्ही मानतो. तिला अर्ज लागला नाही. बापाने स्वतःचा मान बाजूला ठेवून लेकीच्या उंबरठ्यावर जाऊन ती आणली.

भीमाची आई भीमाबाई तो अगदी लहान असतानाच गेली होती. सांभाळले ते मीराआत्याने. १९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाले. गुण ७५० पैकी २८२. आजच्या हिशेबाने बघितले तर कोणी पेढेसुद्धा वाटणार नाही. पण त्या काळात अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही गोष्ट एवढी मोठी होती, की त्यासाठी सत्काराची सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते. त्या सभेला आले होते कृष्णाजी अर्जुन केळूसकर. केळूसकर गुरुजी शिक्षक होते, लेखक होते. बागेत एकटाच पुस्तक वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत आधीच भरला होता. त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले. विहाराच्या स्मरणिकेत ही गोष्ट सांगताना आमचा हात जरा थांबतो. १९५६ च्या विजयादशमीची वाट जिथून सुरू झाली, त्या जागी असे एक पुस्तक आहे आणि ते देणारा एक शाळामास्तर आहे.

भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. इंटरपर्यंत सुभेदारांनी कसेबसे रेटले, पुढे पैसा संपला. इथे पुन्हा केळूसकर गुरुजी पुढे आले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणाला मदत करण्याची तयारी जाहीर केलेली होती. गुरुजींनी भीमरावांना महाराजांपुढे नेऊन उभे केले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरे समाधानकारक वाटली आणि महिना पंचवीस रुपये मंजूर झाले. या पंचवीस रुपयांवर कॉलेज पुरे झाले. कॉलेजातले प्राध्यापक म्युलर पुस्तके द्यायचे, कपडेही द्यायचे. घरी वडील भाऊ आनंदराव नोकरीला लागले होते, कारण दोघांचे शिक्षण त्या घराला झेपणारे नव्हते. एक शिकला तो दुसऱ्याच्या थांबण्यावर. आपल्या किती घरांत अशी एक थोरली बहीण किंवा थोरला भाऊ आहे, हे ज्याचे त्याने मोजावे.

१९१२ सालची बी.ए.ची परीक्षा ते उत्तीर्ण झाले आणि १९१३ च्या जानेवारीत बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तिथे पोहोचून थोडे दिवस होतात न होतात तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. ज्याने गहाणाच्या दागिन्यांवर पुस्तके आणली, त्याने मुलाचे बी.ए. पाहिले, पुढचे काही पाहिले नाही.

त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवायचे ठरवले. भीमरावांनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. करार काय होता ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. संस्थान तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड देणार. विद्यार्थ्याने नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची. म्हणजे हे दान नव्हते, देवाणघेवाण होती. बावीस वर्षांच्या, बापाचे छत्र नुकतेच गेलेल्या तरुणाने आपल्या पुढच्या आयुष्याची दहा वर्षे लिहून दिली आणि जहाजात बसला. त्याच जुलैत तो न्यूयॉर्कला पोहोचला.

न्यूयॉर्कमधल्या अभ्यासाबद्दल बरेच लिहिले गेले आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. साडेअकरा पौंडांत खायचे, राहायचे, पुस्तके घ्यायची आणि त्यातूनच वाचवून मुंबईला रमाईंना पैसे पाठवायचे, असा हिशेब होता. एवढे असूनही जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके गोळा केली. पोटाला चिमटा घेणे म्हणजे काय, ते यावरून कळते. १९१५ साली ते एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातींविषयीचा तो प्रसिद्ध निबंध वाचला. इकडे परळला रमाई कसे दिवस काढत होत्या, ते आपल्या आयाबाया रमाईच्या गाण्यांतून अजून सांगतात. पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला मिळते, पण तिची किंमत मागे राहिलेले घर भरत असते, हे आम्हाला या ठिकाणी मुद्दाम नोंदवायचे आहे.

शिष्यवृत्तीची मुदत जून १९१६ मध्ये संपत होती. अभ्यास मात्र संपला नव्हता. लंडनला जाऊन अर्थशास्त्राची वरची पदवी आणि बॅरिस्टरी करायची होती. पुन्हा अर्ज, पुन्हा विनंत्या, मुदत वाढवून मिळावी म्हणून पत्रे. ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला पोहोचले, ग्रेज इनमध्ये आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. आणि वर्षही धड होत नाही तोच बडोद्याहून बोलावणे आले. शिष्यवृत्ती बंद. दिवाण सांगतात, परत या. प्रबंध अर्ध्यावर, बॅरिस्टरी अर्ध्यावर. बाबासाहेबांनी एकच केले, आणि ते आजच्या मुलांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. रागाच्या भरात नाव काढून टाकले नाही. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. दार बंद होत होते तरी त्यात पाय अडकवून ठेवला.

युद्धाचा काळ होता. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती बोट बुडवली गेली. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईला उतरले तेव्हा बडोद्याला जायला गाडीभाड्याचे पैसे नव्हते. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये मिळाले. त्यातले काही घरी दिले आणि उरलेल्यात बडोदे गाठले.

बडोद्याला काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पण शिष्यवृत्तीच्या बाजूने ते पुन्हा बघा. ज्या संस्थानने या माणसावर चार वर्षे पैसा खर्च केला, त्याच संस्थानच्या राजधानीत त्याला डोके टेकायला खोली मिळाली नाही. कचेरीत शिपाई लांबूनच फायली टेबलावर टाकायचे. पिण्याचे पाणी मिळायचे नाही. पारशाच्या खानावळीत पारशी नाव सांगून राहावे लागले, आणि ते उघडकीला आल्यावर हातात काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राला विचारून पाहिले, दोघांनीही काही ना काही कारण सांगून अंग काढून घेतले. सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याच्या बागेत एका झाडाखाली बसून हा कोलंबियाचा पदवीधर रडला. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि आपल्यातले पुष्कळ उपासक तिथे जाऊन आलेले आहेत.

सयाजीरावांना यात दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. राजा उदार होता, पण त्याचे राज्य त्याच्याएवढे उदार नव्हते. पैशाने फी भरता येते, खोलीचे भाडेही देता येते, पण भाडे घ्यायला घरमालक तयार पाहिजे ना! दहा वर्षांच्या करारातले बाबासाहेबांचे काही दिवसच भरले. दरबारच्या दप्तरात तो पैसा येणे म्हणून राहिला आणि पुढे त्याची मागणीही झाली. मात्र बाबासाहेबांनी उपकार विसरले नाहीत. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये छापून निघाला, तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला, शिक्षणाला केलेल्या मदतीची आठवण म्हणून. रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ चा ग्रंथ मात्र आईवडिलांच्या स्मृतीला. या दोन अर्पणपत्रिका एकाशेजारी एक ठेवून पाहाव्यात. एकीकडे राजाचे साडेअकरा पौंड आहेत आणि दुसरीकडे सुभेदारांनी गहाण ठेवलेला दागिना.

उरलेले शिक्षण त्यांनी शिष्यवृत्तीवाचून पुरे केले. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगार साडेचारशे. परळच्या चाळीतले राहणे सोडले नाही, पैसा बाजूला टाकला. मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज पाठीशी होतेच. जुलै १९२० मध्ये, म्हणजे ती चार वर्षांची मुदत सरायच्या आत, ते पुन्हा लंडनला गेले आणि एम.एस्सी., बॅरिस्टरी, डी.एस्सी. अशी सगळी राहिलेली कामे निपटून १९२३ मध्ये परतले.

इथपर्यंत झाला अर्जदार. आता टेबलाची दुसरी बाजू.

१९२७ साली बाबासाहेब मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. मार्चमध्ये अंदाजपत्रकावर ते बोलले तेव्हा त्यांनी सरकारपुढे हिशेब मांडला. सरकार माणशी शिक्षणावर चौदा आणे खर्च करते आणि अबकारी म्हणजे दारूच्या करातून माणशी दोन रुपयांपेक्षा जास्त वसूल करते. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर द्या, असा त्यांचा रोख होता. त्याच भाषणात त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून आजही पुष्कळांना नवल वाटेल. अस्पृश्य मुलांच्या हातात शिष्यवृत्तीचे पैसे देण्याची पद्धत त्यांना पसंत नव्हती. गरिबीमुळे तो पैसा घरखर्चात जातो, मुलगा त्याच कोंदट वातावरणात राहतो आणि शिक्षण मागे पडते, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यापेक्षा तोच पैसा वसतिगृहांवर खर्च करा, म्हणजे मुलाला जेवण, दिवा आणि अभ्यासाची जागा मिळेल, अशी त्यांची सूचना होती.

ज्याला स्वतःला शिष्यवृत्तीने घडवले, तो शिष्यवृत्तीतली खोट उघड बोलून दाखवतो, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. नुसते मागून घेणे त्यांना नको होते, दिलेला पैसा पोराच्या डोक्यात उतरतो की नाही याच्याशी त्यांना मतलब होता. आणि बोलून ते थांबलेही नाहीत. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलेच होते. जून १९२८ मध्ये त्यांनी दलित वर्ग शिक्षण मंडळ स्थापन केले आणि वसतिगृहांचे काम अंगावर घेतले. सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवरही ते होते. समितीचा अहवाल १९३० मध्ये आला.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सत्तेची खुर्ची मिळाल्यावर माणूस काय पहिले करतो, त्यावरून त्याची पारख होते. तीन महिने होतात न होतात तोच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन सादर केले. म्हणजे बघा, पुन्हा अर्जच! पण या वेळी तो एका भीमरावासाठी नव्हता, सबंध देशातल्या अस्पृश्य मुलांसाठी होता.

निवेदनातला शिक्षणाचा भाग वाचण्यासारखा आहे. त्यांचे म्हणणे असे, की वकिलीचे किंवा कलाशाखेचे शिक्षण आमची मुले कशीतरी ओढाताण करून घेऊ शकतात. पण विज्ञान आणि तंत्रशिक्षण इतके महाग आहे, की ते सरकारच्या मदतीवाचून त्यांच्या आवाक्यात येणारच नाही. उच्च शिक्षण मिळाल्याखेरीज अधिकाराच्या जागा मिळत नाहीत, आणि त्या जागांवर आपली माणसे बसल्याखेरीज खालच्या माणसाला कायद्याचे संरक्षण मिळत नाही. मग त्यांनी सरकारचाच हिशेब सरकारपुढे ठेवला. बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलिगढ मुस्लिम विद्यापीठाला सरकार प्रत्येकी तीन लाख रुपये वर्षाला देते, मग अनुसूचित जातींसाठी काय देते? त्यांची मागणी होती, देशातल्या विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख. बेरीज तीन लाख. शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घेऊन काम शिकवा, अशीही मागणी होती.

व्हाइसरॉयची आपण समजूत कशी घातली, ते बाबासाहेबांनी पुढे १९५४ मध्ये राज्यसभेत सांगितले. आपण एकटे पाचशे पदवीधरांच्या बरोबरीचे काम करतो की नाही, असे त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना विचारले होते. व्हाइसरॉयने ते कबूल केले. मग अशी माणसे जितकी तयार होतील तितकी समाजाला हवीत, जिथून सगळ्या कारभारावर नजर ठेवता येते अशा मोक्याच्या जागी ती बसली पाहिजेत, नुसते कारकून होऊन समाजाचे रक्षण होणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. शिष्यवृत्ती कशासाठी, याचे याहून नेमके उत्तर आम्हाला तरी माहीत नाही.

सरकारने तीन लाख रुपये मान्य केले. वर्षाला तीन लाख, पाच वर्षांसाठी, १९४४-४५ पासून. काही मुले परदेशीही गेली. आज आपण जिला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणतो, ती इथून सुरू झाली. पाच वर्षांची मुदत संपली तरी योजना बंद पडली नाही. १९४८-४९ मध्ये ती आदिवासी विद्यार्थ्यांना आणि त्याच्या पुढच्या वर्षी इतर मागासवर्गीयांनाही लागू झाली. एका माणसाने आपल्या समाजासाठी केलेला अर्ज कितीजणांच्या कामी आला, ते यातून दिसते. आपल्या शेजारच्या माळी, कुणबी, कोळी मित्रांनाही हे कधीतरी चहा पिता पिता सांगावे.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून त्याचे वर्ग सकाळी भरत. १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढले, त्याचे नाव पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून वळकटी खांद्यावर टाकून आलेली मुले नागसेनवनात राहिली आणि याच शिष्यवृत्तीवर शिकली. त्यातून प्राध्यापक, कलेक्टर, वकील, कवी झाले. राज्यघटनेच्या ४६ व्या कलमात अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घेणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले. बडोद्याच्या महाराजांची मर्जी आणि घटनेचे कलम यांत काय फरक आहे, ते झाडाखाली बसून रडलेल्या माणसाला चांगले माहीत होते.

आता आपल्याशी, म्हणजे बौद्धांशी, थेट संबंध असलेली गोष्ट. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. पुष्कळांच्या मनात तेव्हाच शंका होती, की धर्म बदलला तर सवलती जातील. कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदू धर्माबाहेरच्या व्यक्तीला अनुसूचित जातीचे मानता येणार नाही असे होते. शिखांना १९५६ मध्ये त्यातून वाट मिळाली, बौद्धांना नाही. बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात हा प्रश्न टाळला नाही. सवलती मीच मिळवल्या होत्या आणि पुन्हा मिळवीन, असा भरवसा त्यांनी लोकांना दिला. पण त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

मग काय झाले, ते आपल्या घरातली वडीलधारी मंडळी सांगतील. शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचे, महार की बौद्ध? एक लिहिले तर सवलत मिळते पण मन खाते, दुसरे लिहिले तर मन शांत होते पण केंद्राची यादी बंद होते. कित्येक बापांनी हेडमास्तरांपुढे उभे राहून बौद्धच लिहा म्हणून सांगितले आणि नुकसान सोसले. कित्येकांनी पोराच्या शिक्षणाकडे बघून जुनी जात ठेवली. दोघांनाही नावे ठेवण्याचा अधिकार आज कोणाला नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये राज्य सरकारने आपल्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या, पण केंद्राच्या यादीचा प्रश्न तसाच राहिला. १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली जो देशव्यापी सत्याग्रह झाला, त्याच्या मागण्यांत जमिनीबरोबर बौद्धांच्या सवलतींची मागणीही होती. माणसे तुरुंगात गेली. शेवटी १९९० मध्ये, बाबासाहेबांना भारतरत्न दिले गेले त्याच वर्षी, विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात संसदेने कायदा दुरुस्त केला आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्रानेही अनुसूचित जातीचे मानले. नागपूरच्या त्या भरवशाला चौतीस वर्षे लागली.

म्हणून आमचे घरच्या मंडळींना सांगणे आहे, की फॉर्म भरायला मुलामुलींना एकटे पाठवू नका आणि लाजू तर नकाच. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये दाखवलेली खोटही विसरू नका. शिष्यवृत्ती खात्यावर आली की ती लेकराच्या फीला आणि पुस्तकांनाच लागली पाहिजे, हप्ता आणि किराणा त्यातून भागवायचा नाही. अडचणी आहेत, त्या आम्हालाही दिसतात. पैसे वेळेवर येत नाहीत, वर्ष संपले तरी कधी कधी हप्ता येत नाही. उत्पन्नाची मर्यादा २०१३ मध्ये अडीच लाखांवर नेली, त्यानंतर महागाई कुठल्या कुठे गेली. याबद्दल निवेदने द्यावी लागतील, आणि निवेदन कसे लिहावे याचा नमुना १९४२ चा आपल्यापुढे आहे. भावना थोडी, आकडे जास्त.

हल्ली अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. त्याला जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, मागच्या परीक्षेची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड आणि आधारला जोडलेले बँक खाते लागते. तहसील कचेरीतला दाखला निघायला वेळ लागतो, तेव्हा निकालाची वाट न बघता उन्हाळ्याच्या सुट्टीतच तो काढून ठेवावा. फॉर्म भरता येत नसेल तर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहारात यावे. आपलीच शिकलेली मुले तिथे संगणक घेऊन बसलेली असतात. मूळ कागद आणि त्यांच्या झेरॉक्स दोन्ही आणावेत.